प्रश्न त्यांच्याही हाती

हिंदुस्थानात १८७२ साली इंग्रज सरकारने पहिली मोठी शिरगणती केली, तेव्हा घरातल्या व्यंगांचीही नोंद घेतली. वेडे, मंदबुद्धी, मुके-बहिरे, आंधळे, महारोगी असे रकाने पाडले होते. पुढच्या शिरगणत्यांत मंदबुद्धींचा वेगळा रकाना राहिला नाही. व्यंगांची ही मोजणी १९३१ पर्यंत चालली आणि मग बंद पडली. १९८१ साली ती परत आली, पण फक्त आंधळे, पांगळे आणि मुके यांच्यापुरती. २००१ मध्ये ‘मानसिक’ असा एक ढोबळ प्रकार धरला गेला आणि २०११ मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्यांचा स्वतंत्र आकडा पुन्हा हाती आला. देशभरात १५ लाख ५ हजार माणसं. या एवढ्या वर्षांत प्रगणक दारात आला की प्रश्न कुटुंबप्रमुखाला विचारला जायचा. ज्याच्याबद्दल विचारायचं, तो बहुतेक वेळा तिथेच ओटीवर किंवा पडवीत बसलेला असायचा.

मी रत्नागिरीत विशेष शिक्षिका म्हणून आयुष्य काढलं. आधी शाळेत लहान मुलांबरोबर आणि नंतर अठरा वर्षांवरच्या मुलामुलींच्या कार्यशाळेत. निवृत्तीनंतर मी बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांच्या एका लहान गटाला संशोधनात भाग घ्यायला शिकवते. प्रश्न ठरवायचा, विचारायचा, मिळालेलं उत्तर जपून ठेवायचं आणि त्यातून काय निघालं ते लोकांपुढे मांडायचं, एवढं आम्ही करतो. हे काम करताना माझ्या लक्षात आलं की आमच्या मुलांची अडचण समजून घ्यायची तर आधी त्यांच्यावर झालेल्या संशोधनाचा इतिहास माहीत हवा. त्या इतिहासाचा बराचसा भाग त्यांना न विचारता घडलेला आहे.

रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ सालचं. ब्रह्मदेशचा राजा थिबा कैदी म्हणून या गावात आला, तेही त्याच वर्षी. कोकणातल्या आणि घाटावरच्या अनेक घरांतून ‘ह्याला रत्नागिरीला पाठवा’ हे वाक्य मी ऐकलेलं आहे, आणि त्याचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागत नसे. १९१२ च्या भारतीय वेडेपणा कायद्यात ‘वेडा’ या शब्दाची जी व्याख्या केली, तिच्यात जन्मतः मंदबुद्धी माणूसही घातलेला होता. ज्याला आजार झाला आहे तो आणि ज्याची बुद्धी सावकाश चालते तो, दोघांनाही कायद्याने एकाच दारातून आत नेलं. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ही गल्लत दूर केली आणि मनोरुग्णाच्या व्याख्येतून मतिमंदत्व स्पष्टपणे वगळलं. तो कायदा प्रत्यक्ष लागू व्हायला १९९३ उजाडलं. म्हणजे पाऊणशेहून अधिक वर्षं माझ्या विद्यार्थ्यांसारखी माणसं कायद्याच्या नजरेत वेडीच होती, आणि वेड्याच्या शब्दाला साक्षीत, करारात किंवा संमतीत कोणी मोल देत नव्हतं.

याच काळात मोजपट्टी आली. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ साली पहिली बुद्धिमापन चाचणी तयार केली. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना कुठली मदत हवी ते कळावं, एवढाच तिचा हेतू होता. आपल्याकडे धारवाडला डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी कानडी आणि मराठी मुलांसाठी ती चाचणी बसवली आणि १९४० साली त्यावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. बिने-कामत चाचणी हे नाव आजही मराठी पालकांच्या कानावर पडतं, कारण दाखल्यासाठी मूल घेऊन गेलं की पुष्कळ ठिकाणी तीच काढतात. मराठी मुलाला मराठीत प्रश्न विचारला जावा, हे कामतांचं मोठं काम आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण पुढे चाचणीच्या आकड्याचं टक्क्यांत रूपांतर झालं. बुद्ध्यंक ५० ते ६९ असेल तर अक्षमता ५० टक्के, ३५ ते ४९ असेल तर ७५ टक्के, त्याखाली ९० आणि १००. हे कोष्टक सरकारी दाखल्यावर आलं आणि माणसाची ओळख होऊन बसलं. चाचणीच्या खोलीत प्रश्न एकाच बाजूने येतात. मुलाने उलटा प्रश्न विचारला, तर त्याला गुण नसतात.

मोजण्यापुरतंच ते थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. स्वीडनमध्ये लुंड शहराजवळच्या व्हिपेहोल्म संस्थेत १९४५ पासून दातांच्या किडीवर संशोधन झालं. बौद्धिक अक्षमता असलेल्या रहिवाशांना मुद्दाम चिकट टॉफी खायला घालून त्यांचे दात किडू दिले. साखर आणि किडीचा संबंध त्यातून सिद्ध झाला, आणि गोड खाऊ आठवड्यातून एकदाच द्यावा हा सल्ला स्वीडनच्या घराघरांत पोचला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फर्नाल्ड शाळेत १९४० आणि १९५० च्या दशकांत मुलांना किरणोत्सर्गी द्रव्य मिसळलेलं ओटचं खाणं दिलं. त्या मुलांना ‘सायन्स क्लब’चे सभासद म्हणून घेतलं होतं. पालकांना पाठवलेल्या पत्रात किरणोत्सर्गाचा उल्लेखही नव्हता. न्यूयॉर्कच्या विलोब्रुक संस्थेत १९५६ पासून मुलांना काविळीच्या विषाणूची लागण मुद्दाम करण्यात आली. अमेरिकेच्या अध्यक्षांनी १९९५ मध्ये किरणोत्सर्गाच्या प्रयोगांबद्दल जाहीर माफी मागितली. त्या सायन्स क्लबचा मला विसर पडत नाही. विज्ञानाच्या मंडळाचे सभासद म्हणवली गेलेली ही मुलं, आणि आपण काय खातो आहोत एवढंही त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

हे सगळं साता समुद्रापलीकडचं, असं म्हणून आपल्याला सुटता येत नाही. १९९४ च्या फेब्रुवारीत पुणे जिल्ह्यात शिरूर इथल्या सरकारी वसतिगृहातल्या काही मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीच्या दिवसांत त्यांची स्वच्छता राखणं अवघड जातं, हे कारण दिलं गेलं. महिला संघटना आणि आरोग्य कार्यकर्ते उभे राहिले, राज्यभर वाद पेटला आणि उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या वादात डॉक्टर बोलले, अधिकारी बोलले, पालक बोलले, आम्ही शिक्षकही बोललो. त्या मुलींचं म्हणणं मात्र माझ्या वाचनात आलं नाही. पाळीची स्वच्छता पावलापावलाने शिकवता येते, हे विशेष शिक्षिकांना पुरतं ठाऊक आहे. आम्ही ते वर्गात शिकवत आलो आहोत.

२००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे चंदीगडचं एक प्रकरण आलं. सरकारी संस्थेत राहणारी, आईवडील नसलेली, सौम्य बौद्धिक अक्षमता असलेली एक तरुणी अत्याचारातून गरोदर राहिली होती. प्रशासनाला गर्भपात करायचा होता आणि तिला मूल हवं होतं. मनोरुग्णता आणि बौद्धिक अक्षमता या वेगळ्या आहेत, तिच्या संमतीवाचून गर्भपात करता येणार नाही, असा निकाल न्यायालयाने दिला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अपंग हक्क करारावर भारताने २००७ साली सही आणि शिक्कामोर्तब केलं होतं, त्याचाही आधार या निकालात होता. मग २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या सहाव्या कलमात संशोधनाबद्दल दोन अटी आहेत. पहिली अट अशी, की दिव्यांग व्यक्तीला समजेल अशा रीतीने तिची मोकळी आणि माहितीपूर्ण संमती घेतल्याशिवाय तिच्यावर संशोधन करता येणार नाही. दुसरी अशी, की सरकारने नेमलेल्या समितीची पूर्वपरवानगी लागेल आणि त्या समितीत निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य स्वतः दिव्यांग किंवा दिव्यांगांच्या नोंदणीकृत संस्थांचे असतील. १९१२ चा कायदा ज्यांना वेड्यांत काढत होता, त्यांना २०१६ चा कायदा परवानगी देणाऱ्यांच्या खुर्चीवर बसायला बोलावतो.

पण खुर्ची मिळाली म्हणून बोलायची सवय लागते असं नाही. १९८१ साली कॅरोल सिगेलमन आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांना हो-नाही उत्तराचे प्रश्न विचारले, की बरेच जण हो म्हणतात. तोच प्रश्न उलटा करून विचारला तरी हो म्हणतात. मी हे रोज पाहिलं आहे, आणि त्याचं कारण एकट्या बुद्धीत शोधू नये. आमच्या मुलांना जन्मापासून सांगितलं जातं, बाईंचं ऐकायचं, डॉक्टरांचं ऐकायचं, पाहुण्यांपुढे हट्ट करायचा नाही. हो म्हटलं की शाबासकी मिळते. नाही म्हटलं की बिघडलाय म्हणतात. अशा माणसापुढे संमतीपत्र ठेवलं तर तो अंगठा उमटवणारच. त्या अंगठ्याला संमती म्हणता येत नाही.

बौद्धिक अक्षमता असलेल्यांनी स्वतः बोलण्याची चळवळ १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये सुरू झाली. १९७४ साली अमेरिकेत ऑरेगनमध्ये ‘पीपल फर्स्ट’ ही संघटना उभी राहिली. आम्हाला आधी माणूस म्हणून ओळखा, एवढीच त्यांची मागणी होती. इंग्लंडमध्ये मेबल कूपर नावाच्या बाई अनेक वर्षं केटरहॅमच्या सेंट लॉरेन्स या मोठ्या संस्थेत बंद होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी डोरोथी अ‍ॅटकिन्सन या संशोधिकेबरोबर आपली जीवनकथा ध्वनिमुद्रित केली आणि आपल्याबद्दलचे जुने सरकारी कागद शोधून काढले. ती कथा १९९७ साली छापली गेली आणि २०१० मध्ये ओपन युनिव्हर्सिटीने त्यांना मानद पदवी दिली. २००१ साली जॅन वॉम्सली यांनी अशा कामाला समावेशक संशोधन हे नाव दिलं. प्रश्न त्या माणसांच्या उपयोगाचा हवा, संशोधनात त्यांचा सहभाग हवा, त्यांना विचार मांडायला वाव हवा आणि अहवाल त्यांना समजेल असा हवा.

मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. पुणे जिल्ह्यातल्या मुळशी भागात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गरीब डोंगरी संघटनेतल्या बायकांबरोबर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. शाळेचं तोंड फारसं न पाहिलेल्या त्या बायका गावोगाव जाऊन दुसऱ्या बायकांच्या ओव्या जमवत होत्या आणि त्यांचा अर्थ लावत होत्या. विद्यापीठाची पदवी नसलेला माणूस ज्ञान जमवू शकतो, याचा पुरावा आपल्याच डोंगरात आहे.

रत्नागिरीत आविष्कार संस्थेची सविता कामत विद्यामंदिर ही शाळा आणि श्यामराव भिडे कार्यशाळा आहे. अशा संस्थांमुळे या जिल्ह्यातली मुलं घराच्या मागच्या खोलीतून बाहेर आली, दोन पैसे मिळवू लागली. १९९१ साली ‘चौकट राजा’ हा चित्रपट आला आणि दिलीप प्रभावळकरांच्या नंदूने घराघरांत या विषयाला वाट करून दिली. शाळा झाल्या, कार्यशाळा झाल्या, समाजाची नजर थोडी मऊ झाली. मग कॉलेजचे विद्यार्थी प्रकल्पासाठी येऊ लागले. मी ज्या कार्यशाळेत होते तिथे असे गट वरचेवर यायचे. छापील प्रश्नावली पालकांकडून भरून घेत, मुलांबरोबर फोटो काढत आणि निघून जात. त्यांच्या प्रबंधात काय लिहिलं, ते आमच्या मुलांना कोणी येऊन सांगितलं नाही.

म्हणून आमच्या गटाचं शिक्षण ‘नाही’पासून सुरू होतं. मी मोबाईल उचलते आणि विचारते, ‘तुझा फोटो काढू?’ पहिल्यांदा सगळे हो म्हणतात. मग हिरवं आणि लाल कार्ड हातात देते आणि एकमेकांना विचारायला लावते. कोणी लाल कार्ड दाखवलं, की मोबाईल खाली जातो. कारण विचारायचं नाही, समजूत घालायची नाही. नाही म्हटल्यावर काहीही वाईट घडत नाही, हे अंगवळणी पडायला खूप काळ लागतो. ते पटलं, की त्याच माणसाचा होकार खरा मानता येतो.

पुढचं काम आम्हा विशेष शिक्षकांच्या हातातल्या जुन्याच साधनाने होतं. पदविकेच्या अभ्यासात आम्ही कार्यविश्लेषण शिकलो. शर्टाचं बटण लावणं हे काम बारीक पायऱ्यांत तोडायचं आणि एकेक पायरी पक्की करायची. मुलाखत घेणंही तसंच तोडता येतं. समोरच्याला नमस्कार करायचा. आपलं नाव सांगायचं. कशाबद्दल विचारणार ते चित्र दाखवून सांगायचं. बोलायचं आहे का, ते विचारायचं. रेकॉर्डर सुरू करायचा. एका वेळी एकच प्रश्न विचारायचा. उत्तर येईपर्यंत गप्प राहायचं. ही शेवटची पायरी शिकवायला सगळ्यात अवघड, आणि ती आम्हा शिक्षकांनाही शिकावी लागते. ‘कोण’, ‘कुठे’, ‘काय’ हे प्रश्न लवकर जमतात. ‘केव्हा’ आणि ‘का’ यांना वेळ लागतो. म्हणून ‘का वाईट वाटलं?’ असं न विचारता ‘तेव्हा काय झालं?’ असं विचारायचं. जो बोलू शकत नाही तो रेकॉर्डर सांभाळतो, चित्रकार्ड पुढे करतो, चहा आणून देतो आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवतो. दमला की खूण करतो.

विषय मी ठरवत नाही. गटाने मोबाईल, लग्न, पगार, दवाखाना अशी चित्रं जमिनीवर मांडली आणि प्रत्येकाने आपल्या चित्रावर चिंचोका ठेवला. दवाखान्याच्या चित्रावर सगळ्यात जास्त चिंचोके पडले. प्रश्न तयार झाला, दवाखान्यात आमच्याशी कोण बोलतं? गटातल्यांनी कार्यशाळेतल्या आणि ओळखीच्या इतरांच्या मुलाखती घेतल्या. एका दादाने सांगितलेलं वाक्य पुढे आमच्या अहवालाच्या पहिल्या पानावर गेलं. ‘माज्या पोटात दुखतंय आणि इचारतात आयेला.’ उत्तरांची चित्रं करून आम्ही ती सारखी सारखी एकत्र लावली. मला वाटलं होतं, सुईची भीती सगळ्यात वर येईल. वर आली ती वेगळीच गोष्ट. सुई टोचण्याआधी कोणी सांगत नाही, अचानक हात धरतात, याचा सगळ्यांना राग होता. मी प्रश्नावली केली असती तर तिच्यात सुईचा प्रश्न असता, सांगण्याचा नसता. प्रश्न त्यांच्या हाती गेला म्हणून हे उत्तर सापडलं.

अहवाल मोठ्या अक्षरांत, दर पानावर एक चित्र आणि एक वाक्य असा केला. तो आधी ज्यांनी मुलाखती दिल्या त्यांना वाचून दाखवला आणि मग पालक सभेत मांडला. मांडणारे सगळे गटातले होते. एका आईने सभेत मुलाला विचारलं, ‘मी तुझ्याऐवजी बोलते ते तुला आवडत नाही का रे?’ त्याने लाल कार्ड वर केलं. त्यानंतर दवाखान्यात ती आधी त्याला बोलू देते.

मर्यादा आहेत, त्या लपवत नाही. तीव्र अक्षमता असलेल्यांना मुलाखत घेता येत नाही, आणि त्यांच्या वतीने बोलणारं माणूस लागतंच. लिखाणाला माझा हात लागतो आणि त्यात माझे शब्द मिसळायचा धोका असतो, म्हणून मूळ रेकॉर्डिंग जपून ठेवतो. या कामाला वेळ लागतो आणि पैसा लागतो. मुलाखत घेणाऱ्याला मानधन मिळालंच पाहिजे, कारण ते काम आहे.

रत्नागिरीतल्या कॉलेजांना आणि बाहेरून येणाऱ्या संशोधकांना माझं सांगणं आहे. आमच्या कार्यशाळांमध्ये प्रश्नावली घेऊन येण्याआधी रिकाम्या हातांनी या आणि या माणसांना काय जाणून घ्यायचं आहे ते विचारा. तुमच्या वेळापत्रकात त्यांच्या प्रशिक्षणाचे दिवस धरा आणि खर्चात त्यांचं मानधन लिहा. निष्कर्ष निघाले की ते सांगायला परत या. पालकांनो, घरात रोज एक तरी प्रश्न असा विचारा ज्याचं उत्तर नाही असलं तरी तुम्ही मानाल. तिथे नाही म्हणायला शिकलेला माणूसच उद्या कायद्याने दिलेल्या त्या समितीत बसून आपलं मत देऊ शकेल.